एका हाताचं लिंपण

सकाळी साडेदहा ते साडेबारा ही माझी लिहायची वेळ. तोवर भात उतरलेला असतो, कालवण चुलीच्या कडेला सारलेलं असतं आणि हे खालच्या अंगाला ट्रॅक्टरची वाट बघत उभे असतात. कागद सरकतो म्हणून त्यावर खलातला बत्ता ठेवते. उजवा हात लिहितो. डावा मोकळा नसतो. मूल कडेवर घेऊन जिने भाकऱ्या थापल्या असतील तिला हे वेगळं सांगायला नको.

मला कुणाचे तरी आभार मानायचे आहेत. तोंडाने मानता आले असते तर कागद हाती घेतला नसता.

आम्ही राहतो ती जागा बघायला कुणी मुद्दाम येत नाही. नगरपालिकेचा कचरा डेपो. गावाबाहेर दोन मैलांवर कातळाचा सडा आहे, उन्हाळ्यात काळा आणि पावसात हिरवट. त्याच्या पूर्वेकडच्या कडेला एक खोलगट जागा आहे, तिथं गावाचा कचरा पडतो. फाटकाजवळ आमची दोन खोल्यांची कौलारू जागा. हे इथले मुकादम. आम्ही इथं राहायला आल्यावर माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा सबंध दुपार नाकाला पदर लावून बसली होती, जेवलीसुद्धा तशीच. मला वासाची सवय आठ दिवसांत झाली. पाण्याची मात्र झाली नाही.

माझे वडील बांधकाम खात्यात मैलकुली होते. तीन मैलांचा रस्ता त्यांच्या ताब्यात. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागून फिरायची. पाणी कुठून येणार, कुठं साचणार, कुठं जमीन खाणार, हे ते नुसतं बघून सांगायचे. पुढं पुढं मलाही दिसायला लागलं. म्हणून डेपोवर पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी कचरा पाहिला नाही, उतार पाहिला. कातळ पाणी पीत नाही. सड्यावर पडलेला सगळा पाऊस तसाच्या तसा घरंगळत खाली येतो, आणि त्याच्या वाटेत हा ढीग. ढिगातून निथळलेलं पाणी काळं होऊन खाली उतरतं. खाली दोनशे पावलांवर वाडीची विहीर आहे.

म्हणून ढिगाच्या वरच्या अंगाने कातळात एक चर खोदलेला आहे. वरचं स्वच्छ पाणी त्या चरातून वळसा घेऊन पलीकडच्या वहाळात जातं, ढिगाला शिवत नाही. फक्त वळणावर कातळ इतका टणक लागला की खोदणाऱ्यांनी हात टेकले. तिथं बारा हात लांबीचा बांध घातलाय. चिऱ्याचे तुकडे, चिकणमाती, पेंढा. तो बांध उभा राहिला तर विहीर राहिली.

आम्ही यायच्या आदल्या वर्षी तो फुटला होता. वाडीतली सात मुलं आजारी पडली. विहिरीजवळच्या घरातल्या कुलसुमभाभी, त्यांच्या नासिरला खेडच्या दवाखान्यात नेऊन अकरा दिवस ठेवावं लागलं. परत आणला तेव्हा पाच वर्षांचा मुलगा तीन वर्षांचा दिसत होता, असं त्या सांगायच्या. आणि त्याच विहिरीच्या दोन कळशा मी रोज वर आणायची. माझी लेक, बाय, तेव्हा सात महिन्यांची होती, नुकतं वरणाचं पाणी चाखायला लागलेली.

ही गोष्ट आमच्या इथल्या पहिल्या, चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यातली.

बांधाची एक रीत होती. लिंपणाचं काम सोनूबाईचं आणि तिच्या हाताखालच्या तिघीजणींचं. जिने जो तुकडा लिंपला तिने शेवटी त्यावर आपले दोन्ही पंजे उमटवायचे. पावसात कुणाचा तुकडा खचला ते त्यावरून कळायचं, आणि तिनेच तो पुन्हा करायचा. पंजा नाही त्या कामावर भरवसा नाही, असा ह्यांचाही नियम. सोनूबाईच्या उजव्या करंगळीला वाक होता. मातीत तो लगेच ओळखू यायचा. संध्याकाळी बायला घेऊन मी मुद्दाम ते पंजे बघत जायची. लग्नघराच्या भिंतीसारखा दिसायचा तो बांध.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हे सकाळी बांधावर गेले आणि तिथूनच हाक मारली.

"अगो, सोनूबाई काल उशिरापर्यंत होती काय?"

"चारलाच गेली की. माझ्याकडे चहा पिऊन गेली."

वळणाच्या अगदी पोटात, जिथं पाणी आपटतं, तिथं हातभर तुकडा नवा लिंपलेला होता. आदल्या संध्याकाळी त्या जागी भेग होती, मी स्वतः पाहिली होती. भेग बुजली होती. वर पंजा. एकच. उजवा.

सोनूबाई आली. डोक्यावरचं इरलं उतरवून वाकून बघितलं.

"मी न्हाय क्येलंय ह्ये. माजी करंगळी कुटं हाय त्यात?"

"मग कुणी केलं?"

"त्ये मला काय इचारता, मुकादम? चांगलं झालंय, ऱ्हाऊंदे की."

"एक पंजा म्हणजे अर्धं काम. उद्या खचलं तर मी कुणाला बोलवू?"

"अर्ध्याच बाईला बोलवा," सोनूबाई म्हणाली, आणि बाकीच्या तिघी तोंडाला पदर लावून हसल्या.

हे हसले नाहीत.

मी तो तुकडा नीट पाहिला. लिंपण दोन हातांचं काम आहे. डाव्याने गोळा धरायचा, उजव्याने दाबायचा, मग दोन्ही तळव्यांनी सपाट करायचं. इथं डाव्या हाताची खूण कुठंच नव्हती. पंजा माझ्यापेक्षा लहान होता. आणि आणखी एक. ढिगाचा वास इतका जवळ असताना त्या मातीला वेखंडाचा वास येत होता. बायच्या टाळूला मी रोज वेखंड लावायची, म्हणून मला वाटलं आपल्याच बोटांना येत असेल.

चार दिवसांनी भाकरीचं पीठ मळताना मला कळलं. बायला दात येत होते. कडेवरून खाली उतरायला तयार नव्हती. मी एकाच हाताने मळत होते. आधी मूठ, मग तळव्याची टाच, मग बोटांनी कडा आत ओढायची. परातीतल्या गोळ्याकडे बघता बघता माझा हात थांबला. हेच मी बांधावर पाहिलं होतं. ती अर्धवट काम करत नव्हती. तिचा दुसरा हात अडकलेला होता.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगो, तान्हं घेऊन बाई कचऱ्यात कशाला येईल? आणि येईल तर फाटकातूनच ना? फाटकाची किल्ली माझ्या कमरेला आहे."

त्यांचं बरोबर होतं. पण मला वाटलं, वाडीतलीच कुणी असेल. मागच्या वर्षीचा धसका घेतलेली आई कुठूनही येईल, दगडी गडग्यावरून उडी मारून येईल. विहिरीवर मी कुलसुमभाभींना विचारलं.

"आमच्यातली?" त्या कळशी ठेवून हसायला लागल्या. "वैनी, पावसात आमच्यातली एक बाई पायरी उतरत नाय. चिखलात हात घालायचा म्हटलं की वाडीभर कंबरा दुखतात." मग हळूच म्हणाल्या, "पण कोण का असेना. अल्ला तिचं पोर सुखी ठेवो."

त्या महिन्यात आणखी दोनदा असंच झालं. दोन्ही वेळा भर दिवसा, माणसं जेवायला बसली असताना. मी दोन्ही जागा आधी पाहून ठेवल्या होत्या. पाणी उद्या इथूनच फुटणार असं मनात म्हटलं होतं, आणि तिथंच तुकडा. तिथंच एक पंजा.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. दुपारी पाऊस कोसळत असला की उलट बरं वाटायचं. आपल्यासारखंच आणखी कुणीतरी त्या पाण्याकडे बघत बसलंय, असं वाटायचं.

ह्यांना मात्र ते तीन तुकडे खुपत होते. नुसता हट्ट नव्हे हो. त्यांना झोप लागत नव्हती. "ज्याचा धनी कोण ते ठाऊक नाही, त्या कामावर मी विहीर सोडायची?" असं दोनतीनदा म्हणाले. जुलैत एक दिवस सकाळी लख्ख उघडीप मिळाली. त्यांनी सोनूबाईच्या बायकांना बोलावलं आणि तिन्ही तुकडे पाडून नव्याने लिंपायला लावले. सोनूबाई कुरकुरली, पण केलं. ते तुकडे कुदळीला सहज दाद देत नव्हते, एवढं मला दारातून दिसत होतं. दहा वाजेपर्यंत बारा हातांच्या बांधावर सगळीकडे दोन दोन पंजे झाले. हे समाधानाने कमरेवर हात ठेवून उभे राहिले. रीतीप्रमाणे त्यांचं काही चुकलं नव्हतं. फक्त ती माती बसायला दोन दिवस लागतात.

बाराला गावातून निरोप आला, बाजारातलं मोठं गटार तुंबलंय, सगळी माणसं पाठवा. ट्रॅक्टरवाल्या धाकूने ट्रॅक्टर काढला. बायकाही त्यातच चढल्या. हे शेवटी चढले. "चारपर्यंत येतो," म्हणाले.

दोनला सड्यावरचा उजेड गेला.

आधी आवाज येतो. सुपात गोटे घोळवल्यासारखा, दुरून. मग कातळ पांढरा होतो. पाव तासात चर काठोकाठ भरला. मी दारात उभी राहून बांधाकडे बघत होते, आणि त्याच्या पोटातून तांबडा ओघळ सुटलेला मला दिसला.

बायला घरात ठेवण्यासारखं नव्हतं. ती नुकती रांगायला लागली होती, चूल पेटती होती, पाणी उंबऱ्याला लागलं होतं. तिला कुंची घातली, कडेवर घेतलं, इरलं ओढलं आणि निघाले. इरल्यात कडेवरचं मूल मावत नाही. दहा पावलांत ती भिजणार हे मला ठाऊक होतं.

बांधाला तीन फटी पडल्या होत्या. त्याच तीन जागा.

घमेल्यात सकाळची उरलेली माती होती. एका हाताने गोळा उचलला, दाबला. वाहून गेला. दुसरा उचलला. तोही गेला. आधी चिरा बसवायला हवा होता, आणि चिरा एका हाताने उचलवत नाही. खालच्या अंगाला ढिगाच्या पायथ्याशी पाणी पोचलं होतं. विहिरीवर कुलसुमभाभींनी ठेवलेलं पत्र्याचं झाकण मला इथून दिसत होतं.

बायला ठेवायला जागा नव्हती. चहूकडे पाणी.

डाव्या बाजूने एक हात पुढे आला.

एकच. उजवा. बोटांच्या बेचक्यांत माती होती.

मी बाय दिली. शेजारणीकडे द्यावी तशी, न बघता.

बाय त्या वयात कुणाकडे जायची नाही. कुलसुमभाभींनी घेतली तरी ओठ काढायची. ती रडली नाही.

मी चिरा उचलला. बसवला. माती घातली. दुसरा उचलला.

एकदा वाकताना नजर शेजारच्या पायांकडे गेली. चरातून उसळलेलं पाणी माझ्या पोटऱ्यांवर आपटून दोन्हीकडे फुटत होतं. तिथं फुटत नव्हतं. सरळ जात होतं.

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर हात थांबले असते.

पाठीमागे बाय हसली. खुदकन, पाळण्यात हसते तशी.

आणि तिच्याबरोबर आणखी एक मूल हसलं.

मी माती घालत राहिले.

तिसरी फट बुजली तेव्हा माझे दोन्ही पंजे बांधावर टेकलेले होते. रीत म्हणून नव्हे, उभं राहायला आधार हवा होता म्हणून. मग वळले आणि हात पुढे केले. बाय माझ्या हातांत आली. समोर पाऊस होता. दुसरं काही दिसलं नाही.

घरी येऊन तिची कुंची सोडली. ती कोरडी होती. बंदसुद्धा कोरडे. बायच्या टाळूला वेखंडाचा वास येत होता, आणि त्या दिवशी सकाळी गडबडीत मी वेखंड लावलंच नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर कुलसुमभाभी धापा टाकत वर आल्या.

"वैनी, पाणी साफ हाय! तीनदा काढून बघितलं, वास नाय, काय नाय. मग नासिरला पाजलं."

"मघाशी तुम्हीच आला होतात ना? बायला धरलंत ते?"

"मी? मी तर कठड्याला धरून अल्लाला हाका मारत होते. वर कुठली येते!"

त्यांनी दोरीवरची कुंची पाहिली. बोटांनी चाचपली आणि हात मागे घेतला. माझ्या लुगड्यातून अजून पाणी गळत होतं. मग त्यांनी बायला मांडीवर घेतलं, आणि बायने ओठ काढला.

हे संध्याकाळी आले. बांध बघून आले, उंबऱ्यावर बसले, चप्पलसुद्धा काढली नाही. "मी पाडलं नसतं तर," एवढंच म्हणाले. मी चहा पुढे केला. काही माणसं माफी मागत नाहीत, कप रिकामा करून तो स्वतः विसळून ठेवतात. तसं त्यांनी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच बांधावर गेलो. एका टोकाला माझे पंजे होते, पावसाने थोडे पुसट झालेले. दुसऱ्या टोकाला, जिकडे मी गेलेच नव्हते, तिकडे चौथी फट पडून बुजलेली होती. त्यावर पंजे ताजे होते. दोन. उजवा ओळखीचा. डावा पहिल्यांदाच उमटलेला, त्याची बोटं जरा आत वळलेली, फार दिवस काहीतरी धरून ठेवल्यावर वळतात तशी.

"आता कसं!" हे म्हणाले. "दोन पंजे. असं काम हवं. कुणी का केलेलं असेना."

सोनूबाईने त्या डाव्या पंज्यावर बोट फिरवलं. मग माझ्या जवळ आली, आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,

"वैनी, दोनी हात मोकळं झालं तिचं. आता ल्येकरू कुनाकडं दिलान?"

मी हसले. बायला ह्यांच्याकडे देऊन घराकडे चालायला लागले. डावी कड भरून आली होती. काल चिरे उचलले त्याचं असेल, म्हटलं.

त्याला आता तीन पावसाळे झाले. बांध एकदाही फुटलेला नाही. जिथं भेग पडेल तिथं दुसऱ्या दिवशी लिंपण असतं, आणि आता ते दोन हातांचं असतं, म्हणून ह्यांची काही तक्रार नाही. वाडीत एकही मूल आजारी पडलेलं नाही. नासिर तिसरीत आहे आणि आगाऊ झालाय. जून लागला की मी अळिवाचे दोन लाडू करते, पानावर घालून वळणावर ठेवते. बाळंतिणीला देतात तेच. कुलसुमभाभी दिराने मस्कतहून पाठवलेला खजूर देतात, तोही ठेवते. "कुणाला?" असं त्यांनी कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची कंबर डावीकडे कलली आहे, मूल कडेवर घेणाऱ्या बायकांची कलतेच. मुलगी आता मोठी झाली ना? मग होईल सरळ. मी हो म्हटलं. त्यांना कशाला सांगू की लुगड्याची डावी बाजू दुपारपर्यंत दमट होते, आणि धुताना पाण्याला तांबूस माती येते.

मला जड वाटत नाही. तिने माझी घेतली, भर पावसात, कोरडी ठेवली. तिला अजून बांधाचं काम आहे. तेवढं तर मी करूच शकते. म्हणून हे आभार, सकाळी दोन तास, जमतील तसे.

बालवाडी पाऊणला सुटते. बायला आणायला निघायला हवं. पाच मिनिटं उशीर झाला तरी ती पायरीवर बसून राहते, शहाणी आहे.

हिला नुकती झोप लागली आहे.